मार्बेयातला व्हिला : जाहिरात, दस्त आणि पाण्याचा हिशेब

दर्याकिनारी

मंडळी, परदेशात समुद्राकाठी व्हिला घेऊ पाहणाऱ्यांसाठी हा धागा, आणि यात फक्त मार्बेया. दक्षिण स्पेनमधलं, आंदालुसिया प्रदेशातल्या मालागा प्रांतातलं, कोस्ता देल सोल किनाऱ्यावरचं शहर. (स्पेलिंगमध्ये दोन एल आहेत, उच्चार मात्र ‘मार्बेया’.) तुर्कस्तान, सायप्रस, ग्रीस सगळं एकत्र घेतलं की कुठला नियम कुठल्या देशाचा याचा काला होतो, म्हणून आखूनच घेतो.

आधी जाहिरातीची भाषा, कारण पहिली फसगत तिथेच होते.

‘गोल्डन माइल’ म्हणजे मार्बेया शहर ते पुएर्तो बानुस हा पट्टा. मार्बेया क्लब हॉटेल १९५४ मध्ये इथेच निघालं, बानुसचं बंदर १९७० चं. या पट्ट्याच्या वर, डोंगराच्या अंगाला, सिएरा ब्लांका, नागुएलेस आणि कास्कादा दे कामोखान. बानुसच्या मागे नुएवा आंदालुसिया, म्हणजे गोल्फची मैदानं. पूर्वेला लोस मोंतेरोस आणि एल्विरिया, पश्चिमेला सान पेद्रो आणि ग्वादालमिना. ला सागालेता ही सर्वात महागड्यांपैकी एक वसाहत. मार्बेयाच्या नावाने विकतात, पण ती शेजारच्या बेनाहाविस नगरपालिकेत आहे. म्हणजे घरपट्टी वेगळी, विकास आराखडा वेगळा, परवानगीचं ऑफिसही वेगळं.

दुसरी गोष्ट चौरस मीटरची. ‘बांधकाम ६५० चौ.मी.’ हा आकडा फोडून मागा. समजा १,५०० चौ.मी.चा प्लॉट आहे आणि एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) ०.२५, तर जमिनीवर ३७५ चौ.मी.च बसतं. मग ६५० आले कुठून? तळघरातून. पूर्ण जमिनीखालचं तळघर सहसा एफएसआयमध्ये धरत नाहीत, म्हणून तिथल्या नव्या व्हिलांमध्ये जिम, होम थिएटर, नोकरांची खोली, चार गाड्यांचं गॅरेज सगळं खाली ढकललेलं असतं. त्यात झाकलेले व्हरांडे मिळवले की ६५० होतात. पैसे मात्र सगळ्या मीटरांना एकाच भावाने लावलेले असतात.

तिसरी, ‘प्रिमेरा लिनेआ’ म्हणजे पहिली रांग. बागेच्या फाटकातून पाय थेट वाळूत पडत असेल तरच ती पहिली रांग. मध्ये रस्ता किंवा दुसरं घर आलं की ती दुसरी, दलाल काहीही म्हणो. आणि खरोखर पहिली असेल तर वेगळीच कटकट आहे, त्यावर कुणीतरी लिहा.

सातबारा_उतारा

लिहितो. आधी नोंदीचं, मग किनाऱ्याचं.

स्पेनमध्ये मालमत्तेच्या दोन वह्या असतात आणि त्या एकमेकींशी जुळतीलच असं नाही. ‘रेखिस्त्रो दे ला प्रोपिएदाद’ म्हणजे मालकीहक्काची नोंदवही: मालक कोण, गहाण आहे का, जप्ती, वहिवाटीचे हक्क. तिचा उतारा म्हणजे ‘नोटा सिंपले’. ऑनलाइन साधारण दहा युरोत मिळतो, कुणीही मागवू शकतो. ‘कातास्त्रो’ ही कर आकारणीसाठीची वही, नकाशासकट. आपल्याकडे सातबारा आणि सिटी सर्व्हेचा उतारा जुळत नाहीत तेव्हा जे होतं तेच इथेही.

उतारा हातात आला की तीन गोष्टी बघायच्या. बांधकामाचं क्षेत्र प्रत्यक्षाशी जुळतं का? स्विमिंग पूल लिहिला आहे का? (अतिशय वारंवार राहून जातो.) आणि ‘कार्गास’ या सदराखाली काय आहे? ‘इपोतेका’ म्हणजे गहाणखत, ‘एम्बार्गो’ म्हणजे जप्ती. कर्ज फिटलं तरी बोजा वहीतून आपोआप उतरत नाही, तो उतरवण्याचा वेगळा दस्त करावा लागतो. विकणाऱ्याच्या खर्चाने तो खरेदीच्या दिवशीच करून घ्यायचा.

आता मार्बेयाचं खास दुखणं. १९९१ ते २००२ खेसुस खिल महापौर होते. त्या काळात आणि त्यानंतरही काही वर्षं १९८६ च्या विकास आराखड्याला धाब्यावर बसवून हजारो घरांना परवाने वाटले गेले. २००६ मध्ये ‘ओपेरासिओन मालाया’ या भ्रष्टाचार प्रकरणात अटकसत्र झालं आणि सरकारने नगरपालिकाच बरखास्त केली. २०१० मध्ये नवा आराखडा आला, त्यात यातली बरीच घरं नियमित करून घेतली होती. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आराखडा रद्द केला आणि शहर पुन्हा १९८६ वर येऊन बसलं. त्यामुळे ‘२०१० मध्ये रेग्युलराइज झालंय’ हे उत्तर पुरेसं नाही.

वकिलाकडून नगरपालिकेचा लेखी नगररचना अहवाल मागवायचा: बांधकाम परवाना, भोगवटा (‘लिसेन्सिया दे प्रिमेरा ओकुपासिओन’), सुरू असलेली कारवाई. कारवाईची मुदत उलटून गेल्यामुळे पाडता येत नाही, पण नियमातही बसत नाही, अशा घराला ‘आफो’ नावाचा दर्जा मिळू शकतो. आंदालुसियाचा २०२१ चा कायदा त्याला आधार देतो. आफो घर विकता येतं, त्यात राहता येतं, पण वाढवता येत नाही. आहे ते जपायचं, बस्स. ज्याला तिथे आणखी दोन खोल्या काढायच्या आहेत त्याने असं घर घेऊ नये.

किनारा: स्पेनचा किनारा कायदा १९८८ चा. समुद्राची सार्वजनिक हद्द आखलेली असते, तिच्यापासून आत १०० मीटर संरक्षित पट्टा. कायदा आला तेव्हा जो भाग शहरी होता तिथे तो २० मीटर. पहिले ६ मीटर येण्याजाण्यासाठी मोकळे सोडावे लागतात. आपल्या सीआरझेडचा (किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांचा) चुलतभाऊ समजा. पट्ट्यातल्या जुन्या घराची दुरुस्ती करता येते, आकार वाढवता येत नाही. आणि भिंत किंवा टेरेस सार्वजनिक हद्दीच्या आत निघाली तर तिथे मालकी नसतेच, असली तर फक्त मुदतीची सवलत. हद्दीचा नकाशा बघितल्याशिवाय पहिल्या रांगेवर टोकन देऊ नये.

प्रश्नोपनिषद

पाच लाख युरोत गोल्डन व्हिसा मिळायचा ना? त्यासाठीच तर लोक घेतात.

दर्याकिनारी

मिळायचा. २०१३ च्या कायद्याने सुरू झाला, ३ एप्रिल २०२५ ला बंद. आता स्पेनमध्ये घर असण्याचा आणि तिथे राहण्याच्या परवान्याचा संबंध नाही. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. अजून कुणी ‘व्हिसासकट’ विकत असेल तर फोन ठेवा.

हिशेबतपासनीस

आकडे मांडते. २० लाख युरोचा व्हिला धरू.

जुना (पुनर्विक्रीचा) असेल तर ‘आयटीपी’ (मालमत्ता हस्तांतरणाचा कर) आंदालुसियात सरसकट ७%: १,४०,००० युरो. वकील साधारण १% आणि त्यावर २१% ‘इवा’ (हा तिथला व्हॅट): २४,२००. नोटरी आणि नोंदणीचे दर सरकारने बांधलेले आहेत, दोन्ही मिळून पाच-सहा हजार धरा. म्हणजे किमतीच्या वर साडेआठ टक्के.

नवा, बिल्डरकडून, असेल तर आयटीपी नाही. १०% इवा, २,००,०००, आणि मुद्रांक १.२%, २४,०००. वकील-नोटरी धरून साडेबारा टक्क्यांच्या वर जातं. दलाली तिथे विकणारा देतो, घेणाऱ्याने वेगळी द्यायची नसते.

दोन ठिकाणी माणसं अडकतात. एक, २०२२ पासून कातास्त्रो प्रत्येक मालमत्तेला ‘संदर्भ मूल्य’ ठरवून देतं. आयटीपी तुमची किंमत आणि हे मूल्य यातल्या मोठ्या आकड्यावर. आपल्या रेडी रेकनरसारखंच (सरकारने ठरवलेले जागांचे दर). सौदा स्वस्तात झाला म्हणून कर कमी होईल असं धरू नका. कातास्त्रोच्या संकेतस्थळावर आधी बघा.

दुसरं जास्त महागात पडतं. विकणारा स्पेनचा करनिवासी नसेल (मार्बेयात हे नेहमीचं: ब्रिटिश, स्वीडिश, आखाती मालक), तर घेणाऱ्याने किमतीच्या ३% कापून ‘मोदेलो २११’ फॉर्मने एका महिन्यात सरकारात भरायचे. वीस लाखांवर साठ हजार युरो. विसरलात तर त्या रकमेचा बोजा घरावर, म्हणजे तुमच्यावर. विकणारा ‘मी निवासीच आहे’ म्हणत असेल तर करखात्याचा निवासाचा दाखला दस्ताच्या वेळी टेबलावर हवा. रहिवासी कार्ड चालत नाही, ती वेगळी चीज.

खारेवारे

@हिशेबतपासनीस, ते १००% कराचं काय? सगळीकडे फिरतंय.

हिशेबतपासनीस

जानेवारी २०२५ मध्ये पंतप्रधान सांचेस यांनी जाहीर केलं, मे महिन्यात त्यांच्या पक्षाने संसदेत विधेयक मांडलं: युरोपीय संघाबाहेरच्या, स्पेनमध्ये न राहणाऱ्या खरेदीदारावर घराच्या किमतीएवढा कर. मांडणं आणि मंजूर होणं यात अंतर असतं. वर दिलेले दर चालू कायद्याचे आहेत. टोकन देण्याच्या आठवड्यात वकिलाला हा प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या.

रुपयापैसा

भारतात राहून पैसे पाठवणाऱ्यांसाठी.

एलआरएसखाली (निवासी भारतीयांना परदेशी पैसे पाठवू देणारी रिझर्व्ह बँकेची योजना) माणशी एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर. दरानुसार सव्वादोन लाख युरोंच्या आतबाहेर. म्हणजे वीस लाखांच्या व्हिलाला नऊ-दहा माणसांची एका वर्षाची मर्यादा लागते. दरवर्षी थोडे थोडे तिकडच्या खात्यात साठवू, असं कुणी सुचवेल. पण विनावापर पडलेले पैसे १८० दिवसांत परत आणावे लागतात. ही पळवाट धरू नका.

१० लाख रुपयांच्या वर टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक गोळा करते तो कर) २०%. दोन कोटी पाठवले तर १ कोटी ९० लाखांवर ३८ लाख रुपये बँक आधीच कापते. हा जादा कर नव्हे, आगाऊ वसुली आहे. रिटर्नमध्ये वळता होतो. पण तोपर्यंत ते ३८ लाख हातात नसतात आणि पैशांची जुळवाजुळव नेमकी तिथे कोलमडते.

दरवर्षी रिटर्नच्या ‘शेड्यूल एफए’मध्ये (परदेशी मालमत्तेचा तक्ता) घर दाखवायचं, भाडं येवो न येवो. नाही दाखवलं तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याने १० लाख रुपये दंड. २०२४ मध्ये २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला यातून सूट दिली, पण स्थावराला ती लागू नाही.

एनआरआयना यातलं काही नाही. दुबईचा पगार दुबईतून थेट मालागाला जातो.

प्रश्नोपनिषद

मग नवरा, बायको, दोन सज्ञान मुलं मिळून चौघांचे १० लाख डॉलर पाठवले तर? घर नवऱ्याच्या नावावर.

रुपयापैसा

इथेच घोळ होतो. चौघांची मर्यादा एकत्र करता येते, पण मग चौघंही दस्तात सहमालक हवेत. घर एकाच्या नावावर आणि पैसे चौघांचे, हे चालत नाही. चार सहमालक म्हणजे स्पेनमध्येही चार करदाते, चार विवरणपत्रं, आणि विकताना चार सह्या.

हप्त्यांवर घेऊ, असंही विचाराल. बिल्डरची लांबलचक हप्तेयोजना किंवा स्पॅनिश बँकेचं गृहकर्ज निवासी भारतीयाने घेणं हे फेमाच्या (परकीय चलनाच्या कायद्याच्या) भाषेत परदेशी कर्ज ठरू शकतं. स्पॅनिश बँक अनिवासींना किमतीच्या ६०-७० टक्के द्यायला तयार असते. तिला तुमचा फेमा माहीत नाही, आणि माहीत करून घेण्याची गरजही नाही. सही करण्याआधी सीए.

सातबारा_उतारा

क्रम लिहून ठेवतो, कारण लोक उलटा धरतात. आधी टोकन, मग वकील. हवं ते याच्या विरुद्ध.

वकील, आणि तो दलालाने सुचवलेला नको. स्पेनमधला नोटरी म्हणजे आपल्या कोर्टाबाहेर टेबल टाकून बसणारा नोटरी नव्हे; तो सरकारी अधिकाराचा माणूस, दस्त वाचून दाखवतो, ओळख तपासतो. पण तो तुमच्या बाजूचा नाही, कुणाच्याच नाही. भोगवटा नाही, पूल वहीत नाही, हे शोधणं त्याचं काम नव्हे.

‘नीए’ म्हणजे परदेशी माणसाचा ओळख क्रमांक. हा नसेल तर दस्तही नाही आणि करही भरता येत नाही. फॉर्म ईएक्स-१५. मुंबईतल्या स्पेनच्या वाणिज्य दूतावासामार्फत अर्ज करता येतो, किंवा वकील मुखत्यारपत्रावर तिथेच काढतो. मुखत्यारपत्र इथल्या नोटरीपुढे केलं तर राज्याची साक्षांकनाची पायरी, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का), मग स्पेनमध्ये मान्यता असलेल्या अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर. सरळ दिसतं, पण पासपोर्टवरचं नाव आणि मुखत्यारपत्रावरचं नाव अक्षरन्अक्षर जुळायला हवं. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. कागदोपत्री ‘सविता रमेश’ आणि ‘सविता आर.’ या दोन वेगळ्या बायका ठरतात.

मग राखीव करार. त्यात एक वाक्य हवंच: कायदेशीर तपासणीत दोष निघाला तर रक्कम परत. ते नसेल तर घालायला लावायचं, अडून बसले तर उठायचं.

त्यानंतर ‘अर्रास’, म्हणजे इसारा, सहसा १०%. नागरी संहितेचं कलम १४५४ करारात नाव घेऊन लिहिलेलं असेल तर घेणारा मागे हटल्यास दहा टक्के गेले, विकणारा हटल्यास त्याने दुप्पट द्यायचे. कलमाचा उल्लेख नसेल तर अर्रासचा अर्थच वेगळा लागू शकतो आणि मग कोर्ट. हा सगळ्यात छोटा आणि सगळ्यात महाग शब्दप्रयोग आहे.

दस्ताच्या दिवशी बँकर्स चेक, सोसायटीचा बाकी नसल्याचा दाखला, घरपट्टीची (‘इबी’) शेवटची पावती, ऊर्जा प्रमाणपत्र. सोसायटीची थकबाकी चालू वर्ष आणि मागची तीन वर्षं एवढी घराला चिकटून येते, म्हणून तो दाखला मॅनेजरची आणि अध्यक्षांची सही असलेलाच घ्यायचा. ‘काही बाकी नाही हो’ हे दलालाच्या तोंडून ऐकून उपयोग नाही.

गिलावा

कागद झाले, आता घर. मार्बेयाच्या व्हिलात काय बिघडतं ते ठरलेलं आहे.

डोंगराकडच्या भागात (सिएरा ब्लांका, कामोखान) प्लॉट उताराचे असतात. घर धरून ठेवते ती मागची आधारभिंत. तिच्यात पाणी निघायला बारीक नळ्या असतात. त्या कोरड्या आणि मातीने बुजलेल्या असतील, तर पाणी भिंतीमागेच साचतंय. आडवी भेग, भिंतीचा पोट पुढे आलेला भाग, पायथ्याशी पांढरा क्षार दिसला की स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवायचा. ओलाव्याचं तळघर ओळखणं सोपं: खाली नुकताच रंग मारलेला आणि वरचे मजले जुन्याच रंगाचे. तो रंग उगाच मारलेला नसतो. तळघर बघायचं ते पावसाळ्यात, तिथला पावसाळा म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत. उन्हाळ्यात सगळीच तळघरं कोरडी.

सपाट गच्ची. उताराचं तोंड आणि भिंतीला लागून वर चढवलेला वॉटरप्रूफिंगचा पट्टा, दोन्ही जागी बघा. सहाराची लाल धूळ पावसासोबत येते (‘कालिमा’), ती गाळ होऊन पन्हाळीचं तोंड बुजवते आणि गच्चीवर तळं होतं.

समुद्रालगत: ॲल्युमिनियमच्या खिडक्यांना किनारी दर्जाची पावडर कोटिंग नसेल तर कोपऱ्यांतून फोड येतात. रेलिंग ३१६ दर्जाचं स्टील हवं. ३०४ चमकतं, मग तांबूस ठिपके धरतं. गेटची मोटर आणि एसीची बाहेरची युनिटं खाऱ्या हवेत आधी जातात.

दृश्य दोषांवर नंतर भांडता येत नाही. लपलेल्या दोषांवर येतं, पण ताबा मिळाल्यापासून सहा महिन्यांत. मार्चमध्ये घेतलेल्या घराचं छप्पर नोव्हेंबरात गळलं तर मुदत संपलेली. नव्या घराला बरं संरक्षण आहे: फिनिशिंगला १ वर्ष, राहण्यायोग्यतेशी संबंधित दोषांना ३, बांधणीच्या गाभ्याला १०. दहा वर्षांचा विमा बिल्डरने काढलेला असतो, पॉलिसीची प्रत मागून घ्या.

खारेवारे

पूलबद्दल सविस्तर लिहा राव. जाहिरातीत ‘इन्फिनिटी पूल’ असतो, खर्च कुणी सांगत नाही.

गिलावा

१० बाय ५ मीटर, सरासरी खोली दीड मीटर धरू. ७५ घनमीटर, म्हणजे ७५ हजार लिटर. मीठ-क्लोरिनेटर (मिठापासून क्लोरीन बनवणारं यंत्र) असेल तर लिटरला ४ ते ५ ग्रॅम मीठ. ५ ने धरलं तर ३७५ किलो, २५ किलोच्या १५ गोण्या. पीएच ७.२ ते ७.६. त्या भागातलं पाणी जड, म्हणून क्लोरिनेटरच्या पट्ट्यांवर चुन्याचा थर बसतो, आणि पीएच वर सरकला की अजून लवकर. पट्ट्यांचा संच (सेल) चार-पाच वर्षांत बदलावा लागतो हे धरूनच चालायचं. घर विकणाऱ्याने ‘पंप आत्ताच बदललाय’ म्हटलं तर बिल मागा.

उन्हाळ्यात रोज ५-७ मिलिमीटर पाणी हवेत जातं. ५० चौ.मी. पृष्ठभागावर ६ मिमी म्हणजे दिवसाला ३०० लिटर. इन्फिनिटीच्या कडेवरून पाणी सतत पातळ पडद्यासारखं ओघळतं, तिथे याहून जास्त.

गळती आहे का हे बघायला बादली पुरते. बादलीत पूलचंच पाणी भरून ती पायरीवर ठेवा, म्हणजे आतलं-बाहेरचं तापमान सारखं. दोन्हीकडे पातळीची खूण करा, २४ तास थांबा, त्या काळात कुणी पोहायचं नाही आणि नळ चालू नको. बादली ६ मिमी उतरली आणि पूल १४ मिमी, तर ८ मिमी गळतंय: ५० चौ.मी.वर रोज ४०० लिटर. हेच एकदा पंप चालू ठेवून आणि एकदा बंद करून करायचं. चालू असताना जास्त उतरलं तर दोष बहुधा परतीच्या पाइपात, कारण तिथे दाब असतो. पाणी उतरत उतरत स्किमरच्या (पाण्यावरचा कचरा ओढून घेणारी भिंतीतली खाच) तोंडाशी येऊन थांबलं तर गळती स्किमरच्या जोडात. ही चाचणी अर्रासच्या आधी करून घ्या. विकणारा नाही म्हणाला तर ते उत्तरच आहे.

खारेवारे

आणि पाणी कुठून येतं ते महत्त्वाचं. कोस्ता देल सोलचा पुरवठा मोठ्या प्रमाणात रिओ वेर्देवरच्या ला कोन्सेप्सिओन धरणावर. मार्बेयात समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्पही आहे. २०२३-२४ च्या दुष्काळात धरण खूप खाली गेलं, तेव्हा खासगी पूल भरण्यावर आणि बागांवर निर्बंध आले. पूल रिकामा करून दुरुस्तीला काढला आणि त्याच महिन्यात भरण्यावर बंदी आली, तर उन्हाळाभर रिकामी टाकी बघत बसायचं. रिकामं भांडं उन्हात तापून फरशा सुटतात, आणि खाली भूजल असेल तर भांडंच वर उचललं जाण्याची भीती. म्हणून ते काम उन्हाळा टाळून आखतात.

‘स्वतःची विहीर’ हा जाहिरातीतला शब्द तपासा. विहीर नोंदलेली आणि परवान्यासकट असेल तरच तिला किंमत आहे.

बागेत कॅनरी खजुराची मोठी झाडं असतील तर लाल सोंडकिडा. शेंड्याची पानं छत्रीसारखी झुकली की झाड गेलंच समजा. फवारणी करणाऱ्याशी वर्षाचा करार चालू आहे का विचारा. आणि नागुएलेसच्या पाइनच्या झाडांत हिवाळ्याअखेर केसाळ सुरवंटांच्या रांगा जमिनीवर उतरतात. कुत्र्याने हुंगलं तर जीभ सडते. ब्रोशरमध्ये झाडं असतात, सुरवंट नसतात.

प्रश्नोपनिषद

भाड्याने देऊन खर्च निघतो म्हणतात.

हिशेबतपासनीस

निघेल, पण नियम एका पाठोपाठ एक आलेत. आंदालुसियाकडे पर्यटक घर म्हणून नोंद लागते. १ जुलै २०२५ पासून देशपातळीवरचा नोंदणी क्रमांकही हवा, नाहीतर संकेतस्थळांवरून जाहिरात उतरते. ३ एप्रिल २०२५ पासून सोसायटीत असलेल्या घराला पर्यटकांना देण्यापूर्वी तीन पंचमांश मालकांची संमती लागते. ‘स्वतंत्र व्हिला आहे, सोसायटी कुठली’ म्हणाल, तर मार्बेयातल्या अनेक व्हिला कुंपणवाल्या वसाहतीत असतात, रस्ता-दिवे-पहारा सामाईक, म्हणजे सोसायटीच. उपविधी वाचा. प्रत्येक पाहुण्याची माहिती पोलिसांच्या प्रणालीत भरायची, तीही ठरल्या वेळेत.

कर: युरोपीय संघाबाहेरच्या मालकाला २४%. आणि भाड्याने दिलंच नाही तरी कर आहे, हे ऐकून लोक हबकतात. स्वतःच्या वापराच्या घराचं ‘मानीव उत्पन्न’ धरतात: कातास्त्रोच्या वहीतल्या करमूल्याच्या (वरचं संदर्भ मूल्य नव्हे) १.१%, मूल्यांकन जुनं असेल तर २%. करमूल्य ६ लाख युरो असेल तर १.१% ने ६,६०० आणि त्यावर २४% म्हणजे १,५८४ युरो; २% ने २,८८०. ‘मोदेलो २१०’, पुढच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत, प्रत्येक सहमालकाचा वेगळा.

संपत्ती कर आंदालुसियाने २०२२ पासून माफ केला ही बातमी बरोबर आहे. पण केंद्राचा ‘सॉलिडॅरिटी’ कर ३० लाखांच्या वरच्या निव्वळ मालमत्तेवर आहे, त्यात ७ लाखांची सूट. मोठ्या व्हिलाला तो लागतो, आणि घर कंपनीच्या नावावर ठेवलं म्हणून सुटका होत नाही.

दर्याकिनारी

एक राहिलं: येणं-जाणं. मार्बेयात रेल्वे नाही. मालागाची लोकल फुएंखिरोलापर्यंतच येते. विमानतळावरून पुढे ए-७ (फुकट आणि उन्हाळ्यात तुंबलेला) किंवा एपी-७ (टोल). घर बघायला जाल तेव्हा ऑगस्टमध्ये एकदा आणि जानेवारीत एकदा जा. जानेवारीत पूर्वेच्या लेवांते वाऱ्याने किती वाळू गेली तेही दिसतं.

प्रश्नोपनिषद

शेवटचं. समोर रिकामा प्लॉट आहे, समुद्र दिसतो. दिसत राहील?

सातबारा_उतारा

त्या प्लॉटचा कातास्त्रो क्रमांक नकाशावरून घ्या आणि त्याच वकिलाला त्याच नगरपालिकेतून त्याचा नगररचना अहवाल मागवायला सांगा: एफएसआय, उंचीची मर्यादा, हद्दीपासून सोडायचं अंतर. मग तुमच्या दिवाणखान्याची पातळी आणि समोरच्या प्लॉटची पातळी यातला फरक मोजा. समोरचा ४ मीटर खाली असेल आणि तिथे ७ मीटर उंचीला परवानगी असेल, तर ३ मीटर भिंत तुमच्या जमिनीच्या वर येणार. बसल्यावर डोळे सव्वा मीटरवर असतात, उभं राहिल्यावर दीड-पावणेदोनवर. तळमजल्यावरून समुद्र गेला. वरच्या मजल्यावरून राहील.